जुनी छोटी एसयूव्ही घरात येते तेव्हा

पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी गाड्या बनवण्याच्या कामात आहे. कुणी प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबतो, कुणी वायरिंगचे हार्नेस गुंफतो, कुणी व्हेंडरकडे सुटे भाग तपासून डब्यात भरतो. तरीही दारात चारचाकी असतेच असे नाही. घरात सहा माणसे आणि दोन दुचाकी, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. मग अम्मींचे गुडघे दुखायला लागतात, मुले मोठी होतात, गावी लग्न निघते, आणि गाडीचा विषय दस्तरखानावर येतो.

नवी गाडी घ्यायची तर कर्ज आणि कर्जाबरोबर व्याज. आपल्यातली अनेक कुटुंबे व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू पाहतात. मग साठवलेले पैसे, भिशीचा नंबर आणि एखाद्या भावाने दिलेला कर्ज-ए-हसना एवढ्यात जे बसेल ते, म्हणजे वापरलेली गाडी. आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी अशीच एक गाडी आली: 2017 सालची डिझेलची महिंद्रा टीयूव्ही 300. मुलांचे अब्बा चाकणला शिफ्टला कंपनीच्या बसने जातात. त्यामुळे शाळा, दवाखाना, बाजार आणि गावचा प्रवास, स्टिअरिंग बहुतेक वेळा माझ्याच हातात असते. या तीन वर्षांत जे कळले ते अशीच गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या बहिणींच्या आणि भावांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

छोटी एसयूव्ही आली कुठून?

उंच, दणकट गाड्यांचा आणि आपल्या शहराचा संबंध जुना आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1966 साली इथे कारखान्याची सुरुवात केली. 1991 साली आलेली तीन दारांची टाटा सिएरा, 1994 ची सुमो, 1998 ची सफारी ही सगळी इथल्याच कारखान्यातली मंडळी. सुमो हे नाव जपानी पैलवानांचे नव्हे. पुण्याचा कारखाना उभा करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली आणि आडनावातली पहिली अक्षरे घेऊन ते ठेवले गेले.

त्या गाड्या लांबरुंद होत्या. आजची छोटी एसयूव्ही जन्मली ती कराच्या नियमातून. 2006 सालच्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर कमी झाला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1500 सीसीपर्यंत. मग कंपन्यांनी उंच गाड्याही या मापात कापून बसवायला सुरुवात केली. टीयूव्ही 300 ची लांबी 3995 मिलिमीटर आहे, मर्यादेपेक्षा फक्त पाच मिलिमीटर कमी, ती याच कारणाने. ही गाडी सप्टेंबर 2015 मध्ये बाजारात आली तेव्हा पुण्यातली एक्स-शोरूम किंमत 6 लाख 90 हजारांपासून सुरू होत होती. ती चाकणच्या कारखान्यात बनत असे. मारुतीची विटारा ब्रेझा 2016 मध्ये आली आणि टाटाची नेक्सॉन 2017 मध्ये. आज जुन्या बाजारात आपल्याला परवडणाऱ्या छोट्या एसयूव्ही बहुतेक याच पिढीतल्या आहेत.

या तिघींत एक मूलभूत फरक आहे आणि तो चालवताना जाणवतो. ब्रेझा आणि नेक्सॉन यांची बांधणी मोटारीसारखी आहे. सांगाडा आणि वरचे शरीर एकच, आणि ओढ पुढच्या चाकांची. टीयूव्ही 300 जीपच्या घराण्यातली. खाली वेगळी लोखंडी चौकट, तिच्यावर बसवलेले शरीर, आणि जोर मागच्या चाकांना.

स्टिअरिंगवर बसल्यावर

पहिली जाणीव उंचीची. गाडीत बसायचे नसते, चढायचे असते. अम्मींना सुरुवातीला हे जड गेले. आम्ही दाराखाली पायरी बसवून घेतली आणि मग त्यांनीच शोध लावला की खाली वाकून बसण्यापेक्षा पायरीवरून सरळ आसनावर टेकणे गुडघ्यांना सोपे जाते. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांनी गाडी पाहायला जाताना त्यांना बरोबर न्यावे आणि चढून-उतरून पाहायला लावावे.

बुरखा किंवा अबाया घालून चालवणाऱ्या बहिणींसाठी दोन गोष्टी. चढताना कापडाची कड हातात धरून आत घ्यावी, नाहीतर ती दारात अडकते. आणि बसल्यावर कापड गुडघ्यापर्यंत आवरून घ्यावे, पायाखाली पेडलजवळ काहीही लोंबता कामा नये. टाचेच्या चपला घालून क्लच दाबू नये. मी एक सपाट बुटांचा जोड गाडीतच ठेवते.

डिझेलच्या छोट्या टर्बो इंजिनाचा एक स्वभाव असतो. कमी फेऱ्यांवर ते आळसावल्यासारखे वागते, टर्बो जागा झाला की एकदम ओढते. चिंचवड स्टेशनच्या सिग्नलवरून निघताना पहिल्या गिअरमध्ये क्लच घाईने सोडला तर इंजिन बंद पडते किंवा गाडी हिसका देते. पहिल्या आठवड्यात याची सवय होते. ब्रेझाच्या 1.3 लिटर डिझेलबद्दलही चालवणारे हेच सांगतात, तो डाग एका कंपनीचा नाही. गर्दीत उपाय एकच, वेळेवर खालचा गिअर. तिसऱ्यात रेटत राहण्यापेक्षा दुसऱ्यात यावे.

उंचावर बसल्याने समोरचे दूरपर्यंत दिसते. मोशीपासून चाकणपर्यंत नाशिक रस्त्यावर कंटेनर आणि ट्रेलरच्या रांगेत हे फार कामाचे. पुढच्या दोन गाड्यांचे ब्रेकलाइट दिसतात, खड्डा आधी कळतो. टीयूव्ही 300 चे चौकोनी, सपाट बॉनेट टोकापर्यंत दिसते, त्यामुळे अंदाज चुकत नाही. पण याच उंचीचा तोटाही आहे. गाडीच्या अगदी जवळ, विशेषतः मागे, लहान मूल उभे असले तर ते दिसत नाही. आमच्याकडे नियम आहे की गाडी मागे घेताना घरातले एक मोठे माणूस खाली उतरून उभे राहते आणि मुले त्याच्या हाताला धरलेली असतात.

दुसरा तोटा वळणावर कळतो. उंच गाडी वळताना बाहेरच्या बाजूला झुकते. वेग जास्त असेल तर आतली माणसे एकमेकांवर कलंडतात, आणि अचानक स्टिअरिंग फिरवले तर उंच गाडी पलटी होण्याचा धोका बुटक्या मोटारीपेक्षा जास्त असतो. उंच बसल्यावर वेग कमी वाटतो. काचेतून रस्ता सावकाश सरकतोय असे दिसते आणि काटा मात्र 90 वर असतो. एसयूव्ही चालवणाऱ्याने डोळ्यांवर विश्वास न ठेवता मीटर पाहावा.

खराब रस्त्यावर मात्र तिची खरी किंमत कळते. पावसाळ्यानंतरचे खड्डे, सोसायट्यांनी आपापल्या मनाने बांधलेले गतिरोधक, गावाकडची खडी. तळ घासत नाही, चाक आपटले तरी गाडी निमूट पुढे जाते. त्या बदल्यात गुळगुळीत रस्त्यावरही मागच्या आसनाला थोडी थरथर राहते. चौकटीवरच्या गाडीचा तो स्वभावच आहे.

ताम्हिणीची परीक्षा

आमचे गाव म्हसळ्याच्या बाजूला, रायगड जिल्ह्यात. पिंपरीहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, मग माणगाव असा रस्ता. ईदला किंवा लग्नाला जाताना सहा माणसे आणि सामान घेऊन हा घाट उतरणे म्हणजे जुन्या गाडीची आणि चालवणाऱ्याची दोघांचीही परीक्षा.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम आजही खरा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर पकड कमी होते. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणे हा तर जिवाशी खेळ आहे. पावसाळ्यात ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम, कमी वेग आणि डाव्या कडेची पांढरी पट्टी, एवढ्यावर जायचे. चढावावर इंजिनला खूप काम पडले असेल तर थांबल्यावर लगेच चावी फिरवू नये. अर्धा मिनिट इंजिन तसेच चालू द्यावे, टर्बोला तेल मिळत राहते आणि तो निवतो.

मागची आडवी बाके

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टीयूव्ही 300 सात आसनी म्हणून विकली गेली. शेवटची दोन आसने म्हणजे डिकीत समोरासमोर बसवलेली आडवी बाके. त्यांना सीटबेल्ट नाहीत. आपल्याकडे मुलांना हीच जागा सर्वांत आवडते, आणि मोठ्यांनाही सोयीची वाटते, कारण पुढची आसने मोठ्यांना मिळतात.

पाठीमागून धडक बसली तर गाडीचा सर्वांत आधी चेपला जाणारा भाग तोच. पुढे धडक झाली तर आडवे बसलेले मूल बाजूला फेकले जाते आणि त्याला धरून ठेवणारे काही नसते. याच गाडीचे सुधारित रूप म्हणजे जुलै 2021 मध्ये आलेली बोलेरो निओ. तिची ग्लोबल एनकॅप या संस्थेने चाचणी घेतली. एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालेल्या निकालात तिला मोठ्यांच्या आणि मुलांच्या दोन्ही सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला. त्याच संस्थेच्या 2018 च्या चाचण्यांत ब्रेझाला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते आणि नेक्सॉनला डिसेंबरमध्ये पाच. गाडी दणकट दिसणे आणि आतला माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाड पत्र्यावर हात आपटून "रणगाडा आहे" असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

आमच्या गाडीत ती बाके कायम दुमडलेली असतात. तिथे फक्त सामान. पाचपेक्षा जास्त माणसे असतील तर उरलेली एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने येतात. पाहुण्यांना सुरुवातीला हे रुक्ष वाटले. एवढी मोठी गाडी आणि जागा नाही म्हणते, असेही कुणी म्हटले. पण हा मुरव्वतीचा विषय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवले तर एक हजार रुपये दंड आहे, आणि दंड हा यातला सर्वांत छोटा भाग आहे. मोठ्यांनीही मागच्या आसनावर बेल्ट लावावा. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी होती, रस्ता महामार्गाचा होता.

घेताना काय पाहावे

जुनी एसयूव्ही पाहताना रंग आणि चकाकी शेवटी पाहावी. आधी हे पाहावे:

* गाडी कोणत्या महिन्याची आणि कोणत्या व्हेरिएंटची आहे. ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि बेल्टची आठवण देणारा आवाज 1 जुलै 2019 पासून सक्तीचे झाले. एबीएस ब्रेक त्याच वर्षी एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना आले. त्याआधीच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये हे नसू शकते. दहा-वीस हजार वाचवण्यासाठी बिनएअरबॅगची गाडी घेऊ नये.
* सर्व्हिसचा इतिहास. चॅसी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदी निघू शकतात. मीटरवर 60 हजार किलोमीटर आणि दोन वर्षांपूर्वीच्या बिलावर 90 हजार असे असेल तर पुढे बोलणेच नको.
* पाण्यात बुडालेली गाडी. पवनेला पूर आला की नदीकाठच्या पार्किंगमध्ये पाणी शिरते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा, शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. मॅट उचलून वास घ्यावा.
* टायरचे वय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर घाटात नेऊ नये.
* सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहणे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. निळा धूर तेल जळत असल्याची खूण आहे.
* आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जाणे. त्याची दिवसाची मजुरी द्यावी, फुकट नेऊ नये.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळतात, याचे कारण तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. पण बाहेरच्या राज्यातली गाडी घेतली की तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर असा खर्च वाढतो. तो हिशेबात धरून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवावे. तसेच 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. नवीच स्वस्त झाली असताना जुनीचा भाव जुन्याच आकड्यावर धरणाऱ्याला हे सांगायला संकोच करू नये.

आमची गाडी ज्या गृहस्थांनी दिली त्यांनी पहिल्याच भेटीत डावे मागचे दार अपघातानंतर बदललेले आहे हे स्वतःहून सांगितले. मुलांच्या अब्बांना तिथेच समाधान वाटले. मालातला ऐब सांगून विकणे हा आपल्या दीनने घालून दिलेला व्यवहाराचा नियम आहे. तो घेणाऱ्यालाही उपयोगी पडतो आणि विकणाऱ्याची कमाई हलाल ठेवतो. उद्या आपण गाडी विकायला निघालो तर मीटर मागे फिरवून देणारा माणूस गल्लीत भेटेल. त्या वेळी हे आठवावे.

कागद म्हणजे अमानत

आपल्या माणसांत व्यवहार झाला की "नाव नंतर करू" असे म्हणण्याची पद्धत आहे. भाऊच आहे, मामूच आहे, घाई कशाला? ही घाई करावी. आरटीओत फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलते. विकणाऱ्यावर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आधी बोजा उतरवावा लागतो. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, तो आपल्याला मिळत नाही. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही पाहावे.

नाव न बदलल्याने काय होते ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालातून कळते. एका माणसाने गाडी विकली. ती पुढे आणखी काही हातांतून गेली, पण आरसी बुकावर नाव पहिल्याचेच राहिले. 2009 मध्ये अपघात झाला आणि त्यात जीव गेला. न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे गाडी विकून पैसे खर्च केलेल्या माणसाच्या दारात दोन वर्षांनी दावा येऊ शकतो. आपल्या भावाला या संकटात टाकायचे नसेल तर त्याची गाडी घेतल्यावर आपणच पुढे होऊन नाव बदलावे.

खर्चाचा खरा आकडा

टीयूव्ही 300 चे एआरएआयने दिलेले मायलेज लिटरला 18.49 किलोमीटर होते. ते चाचणीचे मायलेज. आमच्या वापरात शहरात बारा-तेरा आणि महामार्गावर पंधरा-सोळा मिळते. डिझेल लिटरमागे नव्वद रुपयांच्या घरात धरले तर शहरातला किलोमीटर सात रुपयांना पडतो. त्यावर विमा, सर्व्हिस, टायरसाठी दरमहा थोडे बाजूला. जुन्या गाडीत क्लच, बॅटरी, सस्पेन्शनचे रबर ही कामे कधी ना कधी निघतातच, म्हणून गाडीच्या किमतीचा दहावा भाग तरी हाताशी ठेवूनच ती घ्यावी. सगळे पैसे व्यवहारात संपवून घेतलेली गाडी पहिल्या बिघाडाला गॅरेजमध्ये पडून राहते. आणि रोज चार-पाच किलोमीटरच फिरायचे असेल, तर डिझेलऐवजी पेट्रोल किंवा सीएनजीची गाडी बघावी.

शेजाऱ्यांचा हक्क

आमच्या गल्लीत ही 1835 मिलिमीटर रुंदीची गाडी उभी केली की बाजूने रिक्षा कशीबशी जाते. त्यातून मागचे दार आडवे उघडणारे आणि त्यावर स्टेपनी. म्हणून गाडी घेण्याआधी ती उभी कुठे करणार हे ठरवले पाहिजे. शेजाऱ्याच्या दारासमोर नाही, आणि जुम्म्याला मशिदीबाहेर रस्ता अडवून तर मुळीच नाही. नमाजला आलेल्याच्या गाडीमुळे एखादी अॅम्ब्युलन्स अडली तर त्या घाईला काय अर्थ?

मोहल्ल्यात चारचाकी मोजकीच असेल तर ती फक्त आपली राहत नाही. रात्री कुणाला वायसीएम रुग्णालयात न्यायचे असते, कुणाच्या सुनेला कळा सुरू झालेल्या असतात, कुणाचे वडील हज करून परत येणार असतात. दार वाजते. अशा वेळी गाडीत निम्मी टाकी डिझेल, टायरमध्ये हवा, डॅशबोर्डमध्ये प्रथमोपचाराची पेटी आणि कागद तयार असावेत. घरातल्या किमान दोघांना गाडी चालवता यावी आणि त्यातली एक बाई असावी, कारण शिफ्ट रात्रीची असू शकते आणि दुखणे शिफ्ट पाहून येत नाही. मुलगी अठरा वर्षांची झाली की तिचे लायसन्स काढायला घ्या. गाडी जुनी असली तरी चालेल, तिचे हात मात्र सरावाचे असावेत.